आधी मंगळवार, मग महोत्सव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या क्रीडा आणि मनोरंजन विभागात तुम्ही नव्याने रुजू झाला आहात आणि तीन महिन्यांत वर्षभराचं वेळापत्रक सादर करायचंय. मागच्या उन्हाळी शिबिरात जागा ६०, नोंदणीही ६०, पण दुसऱ्या आठवड्यात हजर मुलं २२. हंगाम संपतानाच्या मोठ्या कार्यक्रमावर पाऊस पडला आणि खर्च अक्षरशः पाण्यात गेला. ज्येष्ठ मंडळी कशालाच येत नाहीत. त्यात वरून निरोप आलाय की यंदा ‘शहराचं नाव होईल’ असा एखादा महोत्सव हवा. शेवटी एक बारीकसा प्रश्न जोडलाय, मुलांसाठी हवेने फुगवायच्या घसरगुंड्या भाड्याने आणाव्यात की नाही. आणि या सगळ्यात सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

मंगळवारपासून करा.

मंगळवार म्हणजे कुठलाही एक वार, पण दर आठवड्याला तोच वार, तीच जागा, तीच वेळ आणि शिकवणारा माणूसही तोच. या कामात वीसेक वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की शहराचं मनोरंजन खातं उभं राहतं ते या आठवडी उपक्रमांवर. महोत्सव ही त्याची दर्शनी बाजू. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. वर्षाची अर्धी शक्ती चार मोठ्या दिवसांत जाते, उरलेल्यात वर्ग, शिबिरं, खेळ कसेबसे ढकलले जातात, आणि मग ‘लोकांनाच हौस नाही’ असा शेरा फायलीत जातो.

या क्षेत्राची सुरुवातच फार साधी आहे. १८८५ मध्ये बॉस्टनमध्ये एका प्रार्थनागृहाच्या आवारात मुलांसाठी वाळूचा ढीग टाकला. कल्पना बर्लिनहून आलेली, तिथल्या बागांमध्ये मुलं वाळूत खेळताना मारी झाकझेव्स्का या डॉक्टरांनी पाहिली होती. वाळूला खर्च तो किती! पण त्या आवारात मुलांवर लक्ष ठेवायला माणसं आली, ढिगांची संख्या वाढली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत मैदानांची चळवळ उभी राहून १९०६ मध्ये तिची देशव्यापी संघटनाही झाली. मला यात महत्त्वाची वाटते ती लक्ष ठेवणारी व्यक्ती. नुसती वाळू पडून राहिली असती तर मांजरांची सोय झाली असती.

दुसरं उदाहरण ताजं आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी एक ५ किलोमीटरची धाव ठेवली. धावायला १३ जण आले. पुढच्या शनिवारी पुन्हा तीच वाट, तीच वेळ, शुल्क नाही. आज ‘पार्करन’ या नावाने ती अनेक देशांत दर आठवड्याला होते आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. पहिल्या दिवसाची हजेरी बघून कुणी अहवाल लिहिला असता तर ‘प्रतिसाद अत्यल्प, उपक्रम बंद करावा’ असंच लिहिलं असतं.

कोलंबियाच्या राजधानीचं, बोगोटाचं पाहा. १५ डिसेंबर १९७४ ला तिथे काही रस्ते मोटारींना बंद करून सायकलींना मोकळे केले. पुढे शहराने ते अंगावर घेतलं. आता दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते चालणाऱ्यांचे, धावणाऱ्यांचे, सायकलवाल्यांचे असतात. त्याला जोडूनच चौकांत आणि बागांत फुकट व्यायामाचे, नाचाचे वर्ग सुरू झाले. आकार प्रचंड असला तरी हाही एक आठवडी कार्यक्रमच, फक्त मंगळवारऐवजी रविवारचा.

तेव्हा पहिल्या वर्षी तुमच्या हातातला पैसा आणि माणसांचे तास यांचे साधारण दोन भाग आठवडी उपक्रमांना आणि एक भाग हंगामी कार्यक्रमांना, असा माझा हिशोब असतो. हा कुठल्या नियमावलीतला आकडा नाही, अनुभवाचा आहे. आणि आठवडी उपक्रमांत सगळ्यात जपायचं काय असेल तर शिकवणारा माणूस. हॉल बदलला तर लोक दोनदा कुरकुर करून नव्या जागी येतात. प्रशिक्षक बदलला की निम्मे गळतात. प्रशिक्षकांना दर तीन महिन्यांनी नव्या करारासाठी हेलपाटे घालायला लावू नका, वर्षाचा करार करा. मध्ये खंड पडला तर तो प्रशिक्षकाचा नसतो, वर्गाचा असतो.

आता गळतीबद्दल. ६० पैकी ३८ मुलं कुठे गेली, हे तुम्ही त्यांच्या घरी विचारलंत का? रागावू नका, मीही पहिली काही वर्षं विचारलं नव्हतं. शिबिर कंटाळवाणं असेल, उन्हं असतील, मोबाइल असेल, असे आमचे आम्हीच तर्क करायचो. एका उन्हाळ्यात मी आणि एक सहकारी दोन संध्याकाळी बसलो आणि गळलेल्या चाळीसेक घरांना फोन लावले. ‘आवडलं नाही’ म्हणणारे अगदी मोजके निघाले. सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलं ते असं: मोठ्याची वेळ ९ ची, धाकटीची ११ ची, दोनदा ने-आण कोण करणार? आम्ही वयोगटांच्या वेळा प्रशिक्षकाच्या सोयीने एकामागोमाग एक लावल्या होत्या. पुढच्या वर्षी दोन्ही वयोगट एकाच वेळी, शेजारशेजारच्या जागांत घेतले. प्रशिक्षक एक वाढवावा लागला. पण गळती डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली.

म्हणून सांगतो, आधी फोन करा. वही घ्या, प्रत्येक घराचं कारण त्यांच्याच शब्दांत लिहा. त्या वहीतून तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्ममधून कळणार नाही, कारण फॉर्ममध्ये पर्याय आपणच लिहिलेले असतात.

फुकटच्या नोंदणीचा एक वेगळा रोग आहे: नाव घालून ठेवायचं, जायचं का ते नंतर बघू. त्यावर छोटी अनामत घ्या, ठरलेल्या हजेरीनंतर परत द्या, आणि ज्यांना तीही जड आहे त्यांना एका सहीवर माफ करा. माफीसाठी दाखले मागू नका. दाखला गोळा करायला जो वेळ लागतो त्यातच गरजू माणूस गळतो. प्रतीक्षा यादी कागदावर ठेवून उपयोग नाही. दोन दिवस लागोपाठ गैरहजर, तिसऱ्या दिवशी फोन, चौथ्या दिवशी जागा पुढच्याला, हे नोंदणीच्या वेळीच सांगून टाकायचं आणि पाळायचं.

नोंदणी उघडण्याची वेळही बघा. सोमवारी सकाळी १० ला ऑनलाइन खिडकी उघडली आणि १० वाजून ६ मिनिटांनी पोहण्याचा वर्ग भरला, तर त्यात तुमच्या लोकप्रियतेपेक्षा त्या वेळी संगणकासमोर कोण बसलं होतं हे जास्त दिसतं. पाळीत काम करणारे आईबाप त्या सहा मिनिटांत नसतात. ज्या वर्गांना हमखास झुंबड उडते त्यांच्यासाठी आठवडाभर अर्ज घेऊन सोडत काढावी, आणि काही जागा प्रत्यक्ष कार्यालयात येणाऱ्यांसाठी राखाव्यात. आरडाओरडा सोडतीतही होतो, पण त्याला उत्तर देता येतं.

पोहण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. मनोरंजन खात्याच्या सगळ्या उपक्रमांत जीव जाण्याचा धोका सर्वांत जास्त इथे असतो, आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात १०/२० हा नियम शिकवला जातो: आपल्या वाट्याच्या पाण्यावर १० सेकंदांत नजर फिरली पाहिजे आणि त्यानंतर २० सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. तलावाच्या कडेला उभं राहून हे स्वतः घड्याळ लावून करून बघा. मग जीवरक्षकाला मधूनच ‘जरा तिकिटं बघ’ म्हणून पाठवणं किती भयंकर आहे ते कळेल.

ज्येष्ठांकडे येतो, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे आणि तीही वैतागाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि ६५ च्या पुढच्यांनी त्यातच आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम करावेत. म्हणजे गरज आहे. मग येत का नाहीत? आमच्याकडे ‘ज्येष्ठ नागरिक व्यायाम वर्ग’ असा फलक लावून पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला होता. चौघे आले. एक तर जिना. दुसरं, फलकावरचा ‘ज्येष्ठ’. सत्तरीतल्या माणसाला विचारा, तो म्हणतो ज्येष्ठ म्हणजे ते समोरचे. वर्ग तळमजल्यावर आणला, नाव ‘गुडघे आणि तोल’ केलं, हात टेकायला दांडे असलेल्या खुर्च्या घेतल्या, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे हे फलकावर लिहिलं, आणि वर्ग संपल्यावर हॉल अर्धा तास रिकामा ठेवला. हा अर्धा तास हिशोबतपासनीसांना कधीच पटत नाही. पण निम्मे लोक त्या अर्ध्या तासाच्या गप्पांसाठीच येतात.

तिथली एक बाई मला अजून आठवतात. नातवाचं दप्तर मांडीवर घेऊन त्या हॉलच्या बाहेरच्या बाकावर बसायच्या, दार उघडं असायचं, नजर आत. दोनदा बोलावलं तर ‘छे, मी नुसती याला घ्यायला आलेय’ म्हणाल्या. आमच्या प्रशिक्षिकेने तिसऱ्यांदा बोलावलं नाही. तिने शेवटच्या रांगेत, दाराला लागून, एक जास्तीची खुर्ची ठेवायला सुरुवात केली. दर मंगळवारी, रिकामी. पाचसहा आठवडे ती खुर्ची तशीच राहिली. एक दिवस पाहिलं तर दप्तर बाकावर आणि बाई खुर्चीत, पायात चपला तशाच, टाचा वर करताहेत. हे प्रशिक्षण कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही, आणि प्रशिक्षक दर तीन महिन्यांनी बदलला तर असं काही घडतही नाही.

आता ऋतू. मोठ्या कार्यक्रमांचं वेळापत्रक करताना दिनदर्शिकेच्या आधी शरीराचा विचार करा. कडक उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ बाहेर काहीही ठेवू नका, सकाळ आणि संध्याकाळ पकडा, सावली आणि पाणी हे कार्यक्रमाचा भाग समजा. पावसाळ्यात छताखालच्या जागा मोजा, कारण त्याच तुमची खरी मर्यादा. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, तेव्हा परतीच्या वाटेवरचे दिवे हा प्रश्न आधी येतो. मी जागेची पाहणी नेहमी कार्यक्रमाच्याच वेळेला करतो. सकाळी अकराला सुंदर दिसणारं मैदान रात्री नऊला वेगळंच असतं. कुठल्या कोपऱ्यात दिवा नाही, कुठे खड्डा आहे, बायका कुठल्या बाजूने जायचं टाळतात, हे तेव्हाच कळतं.

ऋतू अंगावर घेऊनही कार्यक्रम होतात. जपानमधल्या सापोरोला बर्फ ही अडचणच होती. १९५० मध्ये तिथल्या ओदोरी उद्यानात शाळकरी विद्यार्थ्यांनी बर्फाचे सहा पुतळे केले आणि त्यातून आजचा जगप्रसिद्ध हिममहोत्सव वाढला. पॅरिसने २००२ च्या उन्हाळ्यात सेन नदीकाठचा वाहनांचा रस्ता काही आठवडे बंद करून तिथे वाळू, आरामखुर्च्या, झाडं मांडली, जे लोक सुट्टीत समुद्रावर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. दोन्ही ठिकाणी आपल्याकडे काय आहे आणि आपल्या लोकांना काय मिळत नाही, यातून कार्यक्रम निघाला. ‘नाव झालं पाहिजे’ यातून निघाला नाही. तुमच्या वरिष्ठांना सापोरोचे सहा पुतळे जरूर सांगा. नाव व्हायला वेळ लागतो आणि दरवर्षी पुन्हा भरवायची ऐपत लागते. एकदाच भरवलेला महोत्सव हा फक्त एक महाग दिवस असतो.

पावसात वाहून गेलेल्या तुमच्या कार्यक्रमाबद्दल मला जास्त प्रश्न आहेत. रद्द करायचा निर्णय कुणी घ्यायचा हे आधी लिहिलेलं होतं का? बहुधा नव्हतं. मग नेहमीचं दृश्य: दुपारी चार वाजलेत, पश्चिमेला काळं झालंय, मांडववाला म्हणतो ‘साहेब, सांगा, दोऱ्या सोडू का’, ध्वनिवाला यंत्रांवर ताडपत्री धरून उभा, साहेब मोठ्या साहेबांना फोन लावताहेत, मोठे साहेब बैठकीत. आणि रस्त्यावरून लोक मुलांना घेऊन यायला लागलेत. त्या अर्ध्या तासात जे काही ठरतं ते चुकीचंच ठरतं, कारण प्रत्येकजण स्वतःवर दोष येऊ नये एवढंच बघत असतो.

म्हणून एका पानाचा कागद करा. निर्णय कुणाचा (एकच नाव, आणि तो नसेल तर दुसरं), निर्णय किती वाजता, कुठल्या परिस्थितीत काय करायचं. रिमझिम असेल तर मुख्य मंच बंद पण छताखालचे खेळ सुरू. वारा अमुकच्या वर गेला तर मांडव रिकामा. गडगडाट ऐकू आला तर सगळं थांबवून लोकांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत पाठवायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत मैदान उघडायचं नाही. विजेच्या बाबतीत घासाघीस नाही. आवाज साधारण ३ सेकंदांत एक किलोमीटर जातो. चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या मैदानात पडायला ते अंतर काहीच नाही. तंबू आणि मांडव हे विजेपासून संरक्षण देत नाहीत, हे स्वयंसेवकांना मुद्दाम सांगा, कारण माणूस पावसात आपोआप मांडवात शिरतो.

करारांमध्येही पाऊस लिहा. ठेकेदाराला किती तास आधी कळवलं तर किती टक्के द्यायचे, राखीव तारीख कोणती, त्या तारखेला तोच दर का. हे न लिहिल्यामुळे तुमचे पैसे गेले, पावसामुळे नव्हे. माझेही गेलेत, म्हणून खात्रीने म्हणतोय.

गर्दीकडे मात्र थोडं सविस्तर बघू, कारण इथे चूक झाली तर ती परत घेता येत नाही. २४ जुलै २०१० ला जर्मनीतल्या ड्युइसबुर्ग शहरात ‘लव्ह परेड’ या संगीत कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन २१ माणसं गेली. आत जाणारे आणि बाहेर येणारे एकाच बोगद्यांतून आणि एकाच उतारावरून जात होते. अशा बातम्यांत ‘लोक घाबरून पळाले’ असं छापलं जातं. बहुतेक वेळा कुणी पळत नसतं, पळायला जागाच नसते. गर्दी दर चौरस मीटरला पाच माणसांच्या पुढे गेली की माणूस स्वतःच्या पायांवर चालत नाही, गर्दी त्याला चालवते. पुढे काय झालंय हे मागच्यांना दिसत नाही, म्हणून ते ढकलत राहतात.

यासाठी मोठी यंत्रणा लागतेच असं नाही, आधी गुणाकार लागतो. ब्रिटनमध्ये क्रीडा मैदानांच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यात सपाट जागेवर बाहेर पडण्याचा कमाल वेग असा धरलाय: दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं. पायऱ्यांवर ६६. समजा तुमच्या मैदानात ३,००० माणसं आहेत आणि दोन-दोन मीटरची दोन फाटकं. एकूण ४ मीटर, म्हणजे मिनिटाला ३२८ माणसं, मैदान रिकामं व्हायला साधारण ९ मिनिटं. आता एका फाटकासमोर जनरेटरची गाडी उभी आहे असं धरा. १८ मिनिटं झाली. आग किंवा वादळ असताना १८ मिनिटं म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. हा हिशोब कागदावर करून अग्निशमन दल आणि पोलिसांच्या बैठकीला घेऊन जा, बैठकीचा सूरच बदलतो.

माझी फजितीही सांगतो. एका संध्याकाळच्या कार्यक्रमात पिण्याच्या पाण्याची टेबलं आम्ही फाटकाच्या आत, बाहेर जायच्या वाटेला लागून मांडली. हेतू चांगला होता, जाताना लोकांना पाणी मिळावं. कार्यक्रम संपला आणि पहिली शंभर माणसं पाण्याला थांबली. बाटल्या भरायला लागली. त्यांच्या मागे हजार. मुलं खांद्यावर, मागून ‘पुढे चला पुढे चला’. एका स्वयंसेविकेने, वय जेमतेम एकोणीस, कुणाला न विचारता टेबलच उचलायला लावून कडेला फेकलं. पाणी सांडलं, चिखल झाला, वाट मोकळी झाली. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून फाटकाच्या आत-बाहेर १५-२० पावलांत मी काहीही मांडू देत नाही. पाणी नाही, चौकशीचं टेबल नाही, प्रायोजकाची कमान नाही. कमानीवरून भांडणं होतात. होऊ द्यावीत.

किती लोक आले हे मोजण्याबद्दल. मंचावरून ‘पन्नास हजारांचा जनसागर’ म्हणणाऱ्याला म्हणू द्या, तुमच्या नोंदीत खरा आकडा हवा, कारण पुढच्या वर्षीची स्वच्छतागृहं आणि फाटकं त्यावर ठरतात. हर्बर्ट जेकब्स या पत्रकारितेच्या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकात बर्कलीमध्ये खिडकीतून खालच्या निदर्शनांकडे बघत एक सोपी रीत बसवली: जागेचे चौकोन पाडा, काही चौकोनांतली डोकी मोजा, गुणा. सैल गर्दीत माणशी साधारण १० चौरस फूट लागतात, दाटीवाटीत साडेचार. तुमच्या मैदानाचं क्षेत्रफळ काढा आणि त्यातून मंच, मांडव, वाटा वजा करा. पन्नास हजार माणसं त्यात मावतच नाहीत, असं बहुतेक वेळा निघतं.

बाकी गोष्टी झटकन. ध्वनीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेली मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल आहे, पण ती ऐकायला आलेल्या प्रौढांच्या कानांपुरती. मुलांच्या कार्यक्रमात आवाज त्याहून बराच खाली हवा. शिवाय शेजारच्या इमारतींत जे ऐकायला आलेले नाहीत, त्यांना तारीख आणि संपायची वेळ आठवडाभर आधी चिठ्ठीने कळवा आणि वेळेत संपवा. स्वयंसेवकांना ‘मदत करा’ असं मोघम सांगू नका. ‘तू ६ ते ८ या फाटकावर, तुझ्यानंतर हा येईल’ असं सांगा. बसायच्या जागा भरपूर आणि शक्यतो हलवता येतील अशा ठेवा. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचं चित्रण करून महिनोन्महिने निरीक्षण केलं, त्यातून निघालं ते इतकं साधं आहे की हसू येतं: लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. आणि खुर्ची हलवता येत असेल तर माणूस बसायच्या आधी ती इंचभर तरी सरकवतोच.

आता मंगळवार आणि महोत्सव यांची गाठ कुठे घालायची, ते सांगतो. मोठ्या कार्यक्रमात आपल्या खात्याचा एक स्टॉल असतो, त्यावर पत्रकांचा गठ्ठा आणि मागे कंटाळलेला कर्मचारी. तो स्टॉल काढून टाका. त्या जागी दर तासाला पंधरा मिनिटांचा नमुना वर्ग ठेवा, आणि तो घेणारा माणूस तोच हवा जो मंगळवारी शिकवतो. नाच, तोलाचे व्यायाम, मुलांचे उड्यांचे खेळ, काहीही. वर्ग संपताना तिथेच वहीत नाव आणि फोन घ्यायचा आणि सांगायचं, ‘मंगळवारी साडेपाचला, अमुक हॉल, मीच असेन.’ सोमवारी संध्याकाळी प्रत्येकाला आठवणीचा फोन किंवा संदेश. पहिला वर्ग फुकट.

मग महोत्सवाचं यश मोजायला तुमच्याकडे एक खरा आकडा येतो: त्या दिवशी पहिल्यांदा भेटलेल्यांपैकी महिन्याभराने किती जण मंगळवारी हजर आहेत. आमच्या एका हिवाळी कार्यक्रमात मैदान भरलं होतं, वृत्तपत्रात छायाचित्र आलं, आणि हा आकडा निघाला ११. मला तेव्हा फार लागलं होतं. पण त्या अकरांतले तिघे पुढे आमचे सगळ्यात भरवशाचे स्वयंसेवक झाले, फाटकावर उभे राहणारे. वरिष्ठांना दोन्ही आकडे द्या, गर्दीचा आणि हा. पहिल्या वर्षी ते दुसऱ्याकडे बघणार नाहीत. तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाला कात्री लागेल तेव्हा तोच विचारला जाईल, आणि तेव्हा तो तीन वर्षांचा तयार असला पाहिजे.

राहिला फुगवायच्या घसरगुंड्यांचा प्रश्न. मुलांना त्या फार आवडतात, आणि मी त्या आणतो, पण अटींवर. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने अशा कुठल्याही खेळण्यासाठी वाऱ्याची कमाल मर्यादा ताशी ३८ किलोमीटर ठरवली आहे, आणि उत्पादकाने त्याहून कमी सांगितली असेल तर ती पाळायची. वारा अंदाजाने नाही, हातात धरायच्या वायुमापकाने मोजायचा, तोही सकाळी एकदाच नाही तर दिवसभर अधूनमधून. जमिनीला बांधायची जितकी कडी कापडावर आहेत तितके सगळे खुंटे ठोकलेले मी स्वतः मोजतो. ठेकेदाराची माणसं दोनचार सोडून देतात, ‘काही होत नाही साहेब’ म्हणतात. जमीन फरशीची असेल आणि खुंटे ठोकता येत नसतील तर उत्पादकाने सांगितलेलं पूर्ण वजन बांधलेलं दाखवल्याशिवाय पंखा सुरू करू देत नाही. लहान आणि मोठी मुलं एका वेळी आत सोडायची नाहीत. आणि तिथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या खिशात माझ्या सहीची चिठ्ठी असते: ‘वारा वाढला असं वाटल्यास कुणालाही न विचारता मुलं उतरवून खेळणं बंद करावे.’ एकदा त्याने उगाचच बंद केलं, पालक माझ्यावर येऊन भडकले, वारा नंतर पडला. मी त्याला दुसऱ्या दिवशीही त्याच जागी उभा केला.